जशी होती तशी

कचरू अवसरमोल जन्मला तेव्हा त्याच्या आईची आधीची दोन लेकरं गेलेली होती. हे तरी वाचावं म्हणून तिनं त्याचं नाव कचरू ठेवलं, आणि तो वाचला. पुढं त्याला मुलगा झाला तेव्हा असलं नाव ठेवायला तो तयार नव्हता. त्यानं मुलाचं नाव संघर्ष ठेवलं.

सुलतानपूरच्या बौद्धवाड्यात पहिली चारचाकी आली ती कचरूचीच. तो पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर ड्रायव्हर होता. साहेबांना कालव्यावर न्यायचं, आणायचं, आणि ते खाली उतरले की झाडाखाली गाडी पुसत बसायचं, हे त्याचं काम. खात्यानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या तेव्हा, इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी चालवलेली तीच जीप त्यानं घेतली. त्याच्या बायकोनं, कलाबाईनं, त्यासाठी अंगावरचं सगळं सोनं उतरवून दिलं. फिकट राखी रंग, डाव्या हाताचं स्टेअरिंग, चपटे मडगार्ड आणि वर ताडपत्रीचं हूड. जीप घरी आणली त्या दिवशी त्यानं आधी आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि गावातून एक चक्कर मारली. म्हातारी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरून बसली होती. कोणी हाक मारली तरी तिनं मान वळवली नाही.

मग वर्षानुवर्षं ती जीप सुलतानपूर ते मेहकर धावली. बाजाराच्या दिवशी बोनेटवर कोंबड्यांची खुराडी, मागं लटकलेली माणसं, आत बायका आणि पिशव्या. हिवरा आश्रमाला उत्सव असला की तिकडच्या फेऱ्या. अडलेल्या बाया, साप चावलेली माणसं, नवऱ्या मुली, सगळ्यांना कचरूनं त्या जीपमधून नेलं. पेट्रोल परवडेना तेव्हा मेहकरच्या हबीब मिस्त्रीनं तिचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. तेव्हापासून दोघांची दोस्ती झाली. हबीबचं गॅरेज सुलतानपूरकडून येणाऱ्या रस्त्यालाच होतं. फेरी झाली की कचरू तिथं चहाला थांबायचा, आणि बरोबर लहानगा संघर्ष असायचा. दोन सीटांच्या मध्ये हत्यारांची पेटी होती, तिच्यावर गोधडीची घडी टाकलेली. ती त्याची जागा. गिअर टाकताना बापाचा हात त्याच्या गुडघ्याला लागायचा.

पुढं दिवस बदलले. घरोघरी मोटारसायकली झाल्या, रिक्षा आल्या, रस्त्यावर कागदपत्रं विचारली जाऊ लागली. जीप आधी आठवड्यातून चारदा निघायची, मग बाजाराच्या दिवशीच, आणि मग ती अंगणातल्या कडुलिंबाखाली उभी राहिली ती राहिलीच. कचरू रोज तिच्यावरचा पाला झाडायचा. संघर्ष पुण्याकडं एका कारखान्यात लागला. तिथंच त्यानं संसार मांडला. त्याची बायको पायल त्याच्याच नात्यातली, बारावीपर्यंत शिकलेली, चिखलीकडची. टाळेबंदीत कारखाना बंद पडला तसे ते दोघं कडेवरच्या लेकीला, महामायाला घेऊन गावी आले आणि परत गेलेच नाहीत. संघर्ष मेहकरात एका दुकानात गेट, खिडक्या बनवायचं काम शिकला.

एक दिवस जेवताना त्यानं बापाजवळ विषय काढला. आपली जीप नुसती गंजून राहिलीय, तिला उघडी करू, उंच करू, रुंद टायर टाकू, वर पाईपांचा सांगाडा बसवू, पुढं मोठे दिवे. लग्नात नवरदेव मिरवायला अशा गाड्यांना फार मागणी आहे. जालन्याहून मागवतात लोक. आपल्या गावात एकही नाही.

कचरूनं घास खाली ठेवला. ती गाडी कापायची नाही, एवढंच तो बोलला आणि हात धुवून उठला.

तो वाद बरेच दिवस चालला, आणि बराचसा हबीबच्या गॅरेजातच. हबीब कचरूच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, जुनी गाडी जशी कारखान्यातून निघाली तशी राखावी. तिची रेष कोणी तरी विचार करून काढलेली असते, आपण तिला ग्राइंडर लावायचा नाही. संघर्ष त्याला चाचा म्हणायचा आणि त्याच्याशी बापापेक्षा मोकळं बोलायचा.

"चाचा, ओरिजिनल म्हंजे कोन्ती?" तो म्हणाला. "सरकारनं घेतली तशी का बाबानं घेतली तशी? इंजिन तं तुम्हीच बदललं. तवा तुमाले पाप नाई वाटलं."

हबीब हसला. पोटासाठी बदललं, शौकासाठी नाही, असं तो म्हणाला.

"मंग मी बी पोटासाठीच म्हनून राह्यलो," संघर्ष म्हणाला.

शेवटी कलाबाईनंच नवऱ्याला वळवलं. ती म्हणाली, पोरगं पुण्याहून आल्यापासून तोंड पाडून बसायचं, आता त्याला कशात तरी जीव लागलाय. गाडी काय, ती उभी राहून माती होणारच आहे. कचरूनं हो म्हटलं नाही, पण संघर्षनं किल्ली खुंटीवरून काढली तेव्हा तो अडवायलाही गेला नाही. जीप मेहकरला नेली त्या दिवशी तो शेताकडं निघून गेला.

हबीबनं काम घेतलं, पण मनाविरुद्ध. बोनेट कापलं, मागचे पत्रे उतरवले, हूडाच्या कमानी काढल्या. वरचा पाईपांचा सांगाडा मात्र संघर्षनं स्वतः केला. दुकानातलं काम उरकलं की तो हबीबकडं येई, पाईप वाकवी, जोडी, एखादा जोड मनासारखा नाही झाला तर घासून काढून पुन्हा करी. हबीबला त्याची वेल्डिंग आवडायला लागली होती. सरळ बारीक रेघ, कुठं गाठ नाही. त्यानं ते कचरूला सांगितलंसुद्धा, की एकदा येऊन तर पाहा पोराचं काम. कचरू गेला नाही. मेहकरला गेला तरी तो बसमधून गॅरेजच्या विरुद्ध बाजूच्या खिडकीला बसायचा.

काम अर्ध्यावर आलं आणि संघर्षला ताप भरला. पाऊस ओसरायचे दिवस होते, घरोघरी ताप चालू होता. दोन-तीन दिवस गोळ्या घेऊन तो फिरत राहिला. एका सकाळी तो उठलाच नाही. डोळे उघडे, पण ओळख नाही. पायलनं रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसऱ्या पेशंटला घेऊन गेलेली होती, निघाली की येते म्हणाले. कचरू अंगणात आला आणि कडुलिंबाखाली पाहत उभा राहिला. तिथं तेलाचे डाग होते. मग शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये गादी टाकून नेलं. मेहकरहून पुढं मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. ताप मेंदूत गेला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी संघर्ष गेला. डॉक्टरांनी कचरूला खांद्याला धरून बसवलं आणि सांगितलं, की काका, थोडं आधी आणलं असतं तरी काही झालं नसतं. कचरूनं मान हलवली. पण त्याचा त्यावर कधीच विश्वास बसला नाही.

जलदानाचा विधी झाला, पाहुणे गेले, आणि कचरू बस धरून हबीबकडं गेला. तिथं त्यानं जीप पहिल्यांदा पाहिली. पुढून तोंड कापलेलं, मागं उघडी, चाकं नाहीत, ठोकळ्यांवर ठेवलेली, आणि वर त्या काळ्या पाईपांचा सांगाडा. हबीबनं त्याला मिठी मारायला हात पुढं केले. कचरूनं ते बाजूला केले.

"होती तशी करून दे," तो म्हणाला.

हबीबनं त्याला खुर्ची दिली. पाणी दिलं.

"हे जीप जाग्यावर असती तं माहं पोरगं वाचलं असतं," कचरू म्हणाला. "आख्ख्या गावाले नेलं म्या हिच्यात. एक मानूस रस्त्यात मेला नाई. आन् माह्या पोराच्या टायमाले तू हिले कापून ठेवली."

हबीबनं वाद घातला नाही. नुसता रडला. मग म्हणाला, करून देतो.

पण काम सुरू व्हायच्या आधी कलाबाई आणि पायल त्याच्याकडं आल्या. पायलनं काय काय सांगायचं ते बसमध्ये मनाशी जुळवून आणलं होतं. रंग गर्द निळा, आणि त्याला चकाकी नको. रिंगा काळ्या. सीट तपकिरी, उभ्या शिवणीच्या. पुढच्या काचेला चौकट बारीक. तो रोज तेच बोलायचा, ती म्हणाली, झोपेपर्यंत तेच. तिला सगळं पाठ झालं होतं. कलाबाई म्हणाली, की पोरानं हातात घेतलेलं एक काम तरी पुरं होऊ दे.

हबीबची पंचाईत झाली. ज्या गोष्टीसाठी तो त्या पोराशी भांडला होता, तीच आता बाप मागत होता, आणि त्याचं मन मात्र या दोघींकडं ओढत होतं. तो सुलतानपूरला गेला. कचरूसमोर बसून त्यानं सगळं सांगितलं. आपण इतकी वर्षं काय म्हणत आलो ते बाजूला ठेव, पोराच्या मनासारखी करू, असं तो म्हणाला.

"गाडी कोनाच्या नावावर हाये?" कचरूनं विचारलं.

"तुह्या."

"मंग मी सांगतो ते कर."

आत कलाबाई चुलीपुढं बसली होती. तिनं ते ऐकलं. ती बाहेर आली नाही.

हबीबनं एकदा मनावर घेतल्यावर मग काम जीव ओतून केलं. जुन्या जीपचं बोनेट त्यानं जालन्याच्या भंगार बाजारातून शोधून आणलं. मडगार्ड मिळाले ते पोचे आलेले, ते ठोकून सरळ केले. हूडाच्या कमानी नव्यानं वाकवल्या. कचरू रोज सकाळच्या बसनं यायचा. सुरुवातीला नुसता बसायचा, मग त्यानं पॉलिश पेपर हातात घेतला आणि पत्रे घासू लागला. खड्ड्यांत पुटी भरायची, वाळली की घासायची, पुन्हा भरायची. घासता घासता त्याला जुन्या फेऱ्या आठवत आणि तो हबीबला सांगत बसे, की कुठल्या वळणावर कोणाची टोपी उडाली, कोणाचं लेकरू गाडीतच जन्मलं. हबीबला वाटायचं, याचं दुःख थोडं हलकं होतंय. घरी मात्र तो कोणाशी बोलत नव्हता. पायलनं जेवायचं ताट ठेवलं की जेवायचा आणि उठायचा.

वरचा सांगाडा काढून झाला तेव्हा हबीबनं कचरूला विचारलं. कापताना त्यानं पाईप जपून काढले होते, जोड शाबूत ठेवून. "हे ठेवू का कुठी? तुह्या घरी पाठवू?"

कचरू पत्रा घासत होता. त्यानं वर पाहिलं नाही. "भंगारात दे," तो म्हणाला. "त्याच्यापायी झालं सगळं."

भंगारवाल्याची गाडी आली आणि कापलेल्या बोनेटच्या तुकड्यांबरोबर ते पाईपही घेऊन गेली.

थंडी पडायला लागली तेव्हा जीप तयार झाली. राखी रंग, डावं स्टेअरिंग, चपटे मडगार्ड, नवं खाकी हूड. हत्यारांची पेटीसुद्धा जुनीच, घासून पुसून जागेवर बसवलेली. कचरूनं ती स्वतः चालवत आणली. रस्त्यात ओळखीच्या लोकांनी हात केले. त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी काही तरी हललं होतं. घरापुढं येऊन त्यानं हॉर्न वाजवला.

कलाबाई दारात आली. पायल तिच्या मागं, महामायाचं बोट धरून. कलाबाईनं जीपभोवती एक फेरी घातली. हूडावर हात फिरवला, आत डोकावली, मागं गेली, पुन्हा पुढं आली. ती काहीतरी शोधत होती हे कचरूच्या लक्षात आलं, आणि काय ते कळायला त्याला थोडा वेळ लागला.

"त्याचे पाईप कुठी हायेत?" तिनं विचारलं.

कचरू स्टेअरिंगवरच बसला होता. "हबीबकडं हायेत," तो म्हणाला. "ठेवले त्यानं."

"मंग आना ते घरी," कलाबाई म्हणाली. "याच्यात त्याच्या हातचं कायच नाई राह्यलं." आणि ती आत गेली.

कचरू खाली उतरला नाही. हात स्टेअरिंगवर ठेवून तो तसाच बसून राहिला. गाडी अगदी जशी होती तशी झाली होती. दोन सीटांच्या मधली ती पेटी त्याच्या उजव्या हाताशी होती. तिच्यावर बसणारं लहान पोरगं त्याला हवं होतं म्हणून त्यानं हे सगळं केलं होतं, आणि जो पाईप वाकवत होता, रेघेसारखी वेल्डिंग करत होता, तो बत्तीस वर्षांचा माणूस त्यानं स्वतःच्या हातानं घासून काढला होता. हे सगळं त्या वेळी त्याला असं शब्दांत सुचलं नाही. पुढं हबीबला सांगताना ते तुटक तुटक त्याच्या तोंडून आलं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच जीपनं मेहकरला गेला, हबीबला घेतलं आणि दोघं भंगारवाल्याकडं गेले. त्याच्या वाड्यात त्यांनी लोखंडाचे ढीग उपसले. भंगारवाला भला माणूस होता, त्यानंही हात लावला. पण तो माल कधीच जालन्याला गेला होता, भट्टीत. एव्हाना त्याच्या सळ्या झाल्या असतील, तो म्हणाला. परत येताना हबीबनं स्वतःला दोष दिला, की मी न विचारता ठेवायला पाहिजे होते. कचरू म्हणाला, तुझं काही नाही, तू विचारलं होतं.

कलाबाईला त्यानं ते सांगितलं नाही. ती अधूनमधून विचारायची, आणि तो म्हणायचा, आणतो. मग तिनं विचारणं सोडलं. जीपमध्ये ती एकदाही बसली नाही. मेहकरला जायचं असलं तर बसनं जायची. एकदा नागपूरकडचा कोणी जुन्या गाड्यांचा शौकीन माणूस रस्त्यानं जाताना जीप पाहून थांबला. वाकून वाकून पाहिली, फोटो काढले, आणि आजकाल इतकी अस्सल ठेवलेली गाडी दिसत नाही, सगळे कापून टाकतात, असं म्हणाला. कचरूनं त्याला चहा पाजला.

एप्रिल आला. जयंतीच्या मिरवणुकीसाठी संघर्षचे सोबती घरी आले. दरवर्षी ट्रॅक्टर असायचा, या वर्षी बाबासाहेबांचा फोटो जीपमध्ये ठेवावा असं त्यांचं म्हणणं होतं. ते दारातच अडखळत उभे राहिले. कचरूनं कलाबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, न्या की.

पोरांनी हूड काढून ठेवलं, फुलांच्या माळा लावल्या, निळे झेंडे बांधले. कचरू चालवायला बसला. पायल मागं फोटोला धरून बसली आणि महामाया त्या पेटीवर. संध्याकाळी मिरवणूक निघाली. जीप पावलापावलानं चालली होती. बायकांनी कलाबाईला किती तरी वेळा म्हटलं, तुमचे गुडघे दुखतात, वर बसा. तिनं नुसती मान हलवली. पण ती इतर बायकांत मागंही राहिली नाही. पूर्ण वस्तीभर, विहारापासून चौकापर्यंत आणि परत विहारापर्यंत, ती मागच्या पत्र्यावर हात ठेवून जीपच्या कडेनं चालत राहिली. कचरूला आरशात तिचा पदर दिसत होता. त्यानं कुठंही तिच्या पायांपेक्षा जोरात गाडी जाऊ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात सुकलेल्या माळा सोडवत होता. कलाबाई फरशीवर बसून सुतळीच्या गाठी उकलत होती.

"पाईप नाईत," तो म्हणाला. "म्याच भंगारात द्याले सांगतले. हबीब ठेवत होता. मी तुले खोटं बोललो."

कलाबाईनं हातातली गाठ उकलली. "मले माहीत हाये," ती म्हणाली. "हबीबभाईच्या घरातून पायलले कळलं होतं. तवाच."

कचरू माळा तशाच सोडून तिच्याजवळ येऊन बसला. तिनं उकललेली सुतळी बोटांभोवती गुंडाळली. मग तीच म्हणाली, "त्या पाइपाचा पयला जोड करताना भाजला होता तो. हा एवढा फोड आला होता तळहाताले. तुमाले दाखवू नको म्हने, बाबा काम बंद करतीन. मी रोज हळद लावून द्याची."

कचरूनं तिच्याकडं पाहिलं. हे त्याला ठाऊक नव्हतं. त्या दिवसांत त्यानं मुलाच्या हाताकडं पाहिलंच नव्हतं.

"कोन्ता हात?" त्यानं विचारलं.

"डावा," कलाबाई म्हणाली.